आष्टीकरांचं जांभळं रान

आष्टी म्हटलं की लोक बीडची धरतात, नाहीतर वर्ध्याची. आमची परतूर तालुक्यातली, जिल्हा जालना. हा खुलासा फ्रान्समध्ये कुणालाच करावा लागला नाही, म्हणून अण्णांना तो देश उतरल्याउतरल्याच आवडला.

जुलैच्या सुरुवातीला आम्ही प्रोव्हाँसमधल्या व्हालाँसोलच्या पठारावर पोचलो. नजर जाईल तिथवर लव्हेंडरच्या जांभळ्या ओळी. बांधावर तिपाया रोवलेल्या, पांढरे झगे घातलेल्या पोरी गिरक्या घेतायत. काकू फोटोसाठी मुद्दाम जांभळी इरकल नेसून आल्या होत्या. सगळ्या फोटोंत त्यांचा फक्त चेहरा आणि हातातली पिशवी दिसते.

अण्णा सरळ सरीत उतरले, माती चिमटीत चुरडली आणि म्हणाले, "एकरी उतारा किती रे ह्याचा?"

मी सांगितलं, की इथं बहुतेक लव्हांडिन आहे, संकरित वाण. तेल काढतात, साबणाला जातं. संकरित म्हणताच अण्णांची छाती फुगली. 1964 साली महिको ही संकरित बियाण्यांची कंपनी ज्या जालन्यात उभी राहिली, त्या जिल्ह्याचा माणूस!

"पण त्याला बी धरत नाही अण्णा. फाटे लावतात."

"बी नाही?" अण्णा बांधावर बसले. "मग आपल्या जालन्यानं इथं येऊन विकायचं काय?"

तिथून मुस्तिए-सेंत-मारीला गेलो. दोन कड्यांच्या मधोमध, गावाच्या डोक्यावर, साखळीला सोनेरी तारा टांगलेला. धर्मयुद्धातून सुटून आलेल्या सरदारानं नवस फेडला, अशी आख्यायिका. नवस अण्णांना पटला, बाकीचं नाही.

"एवढ्या उंचावर साखळी नेली, आणि खाली स्वतःचा फोटो नाही? शुभेच्छुक नाहीत?"

हे गाव 'फ्रान्सची सर्वांत सुंदर खेडी' या संस्थेच्या यादीत आहे. 1982 साली निघालेल्या या संस्थेची पहिली अट म्हणजे लोकसंख्या 2000 च्या वर नको. आष्टी तिथंच बाद. पुढची अट जुन्या वास्तू जपण्याची. तिच्यावर अण्णा काही बोलले नाहीत. मात्र सबंध गाव फिरून त्यांनी एक नोंद केली: "एक फ्लेक्स नाही. इथं वाढदिवस कुणाचा, हे माणसाला कळायचं कसं?"

यादीत जाणं आपल्या हातात नाही. पण मुस्तिएत कॅमेरा कुठंही धरला तरी गावच दिसतं. आपल्या चौकात धरला की आधी भावी सदस्य दिसतात. तेव्हा गावातल्या समस्त वाढदिवसवाल्यांना विनंती: एक वर्ष नुसते पेढे वाटा. आम्हाला आष्टीचा एक फोटो काढायचा आहे.