खमिराची बडदास्त

घरी बिअर गाळणारे यीस्टची जी बडदास्त ठेवतात, ती पाहून अधिकमासातल्या जावयालाही हेवा वाटावा. लिटरभर पाण्यात शंभरेक ग्रॅम माल्टचा अर्क उकळायचा, पार निववायचा, मगच त्यात यीस्ट सोडायचं आणि हवा मिळावी म्हणून येता-जाता भांडं हलवायचं. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, तेव्हापासून तर त्यांना कुळाचाही ताठा आला. आम्ही जयपुरातली मराठी माणसं अबकारी खात्याच्या वाटेला जात नाही. आमचं खमीर जिलबीचं.

हलवायाकडे असले लाड नाहीत. रात्री मैदा, थोडं दही आणि पाणी फेटून त्यात कालच्या घोळातलं पळीभर घालायचं, की झालं. सकाळी वर बारीक बुडबुडे आणि नाकाला किंचित झोंबणारा आंबूस वास. त्या पळीभर घोळात यीस्ट आणि दह्यातले जिवाणू एकाच बिऱ्हाडात नांदतात, तेही भांड्याला भांडं न लागता. हान्सेनला घेरीच आली असती.

घोडं अडतं ते हवेपाशी. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला, की घोळ बघता बघता फसफसून पातेल्याबाहेर डोकावतो आणि जरा दुर्लक्ष झालं तर आंबटढाण होतो. जानेवारीत तेच पातेलं जयपुरी रजईत गुंडाळलं तरी ढिम्म. ‘किती तास ठेवायचं?’ असं हलवायाला विचारलं, तर तो कढईवरची नजर न काढता म्हणतो, ‘मौसम देखिए, भाईसाब.’

आणि हे त्या शहरात, जिथं सवाई जयसिंगानं दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ सांगणारं सम्राट यंत्र उभारलं! सुमारे २७ मीटर उंच. आपली घड्याळं चालतात ८२.५ अंश रेखांशावर, जयपूर बरंच पश्चिमेला. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या साधारण सत्तावीस मिनिटं मागे. खमीर त्या दोघांनाही जुमानत नाही.

गावाला जायचं म्हणजे बरणी कुणाच्या तरी गळ्यात घालणं आलं. शेजारच्या भाभीजींना बजावून सांगतो: फ्रीजमध्ये ठेवा, अधूनमधून चमचाभर मैदा घाला, झाकण घट्ट लावू नका. त्या मनापासून मान डोलावतात. परत आल्यावर घासून लख्ख केलेली बरणी हातात ठेवतात आणि म्हणतात, ‘जलेबी बहुत बढ़िया बनी थी।’