आग्रहाचे आबा

इन्सुलीत आबांच्या घरून कोणी उपाशी परतल्याचं ऐकिवात नाही. पोस्टमन, मीटर बघायला आलेला वायरमन, मतं मागायला आलेले झाडून सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते, प्रत्येकाच्या पुढ्यात घावणे येतातच. एकदा घाटात ट्रक बिघडला म्हणून एक परप्रांतीय ड्रायव्हर पडवीत मुक्कामाला होता. ट्रक दुरुस्त झाल्यावरही तो दोन दिवस हलला नाही. आबांनी हलू दिला नाही, असं काकी म्हणतात.

आबांचं तत्त्वज्ञान सुटसुटीत आहे: ज्याची हाडं दिसतात, त्याला वाली नाही. बारीक माणूस दिसला की आधी त्यांना त्याच्या घरच्यांचा राग येतो, मग ते स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारतात. गावातल्या एका मुलीने मुद्दाम डाएट करून वजन उतरवलं होतं. तिला बघून आबांनी तिच्या बापाला बाजूला घेऊन पैशांची अडचण आहे का म्हणून विचारलं.

अशा माणसाच्या खळ्यात देवाने मुधोळ कुत्रा आणून बांधला.

आबांचा भाचा बागलकोटकडे साखर कारखान्यात होता. त्याची बदली झाली आणि कुत्रा इथे आला. उंच पाय, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, निमुळतं तोंड. भाच्याने जाताना माहिती दिली की हा साधासुधा कुत्रा नव्हे. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जपली, आपल्याकडे याला कारवान म्हणतात, 2005 साली टपाल खात्याने याचं तिकीट काढलं, आता लष्करातही घेतलाय. नजरेने शिकार हेरून पळून पकडायची, हे याचं काम. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ता सगळा खरा, पण ह्येका कोणी खावक घातल्यानी नाय काय रे?"

भाचा म्हणाला, हे कुत्रे असेच सडपातळ असतात. आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा न संपवताच निघाला.

त्यातून कुत्रा खरोखरच खंगलेला होता. पूर्ण वाढलेला मुधोळ साधारण 20 ते 28 किलोंचा असतो. हा 18 च्या आसपास. बरगड्या तर सोडाच, पाठीचे मणकेही मोजता येत होते. आबांनी त्याचं नाव शेठ ठेवलं, आणि शेठने नावाला जागायचं ठरवलं.

सकाळी पेज. शेठने हुंगली, मान फिरवली. मग आंबोळी. मग दूधभाकरी. दुपारी बांगडा, काटे काढून, हाताने. चार वाजता अंडं. संध्याकाळी मटणाचा रस्सा. मध्येच बिस्किट, कारण "सकाळपासून तेच्या पोटात काय गेला नाय". इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याहून आलेल्या गाडीची डिकी जेवढ्या संशयाने उघडतात, तेवढ्याच संशयाने शेठ जर्मनच्या टोपात नाक घालायचा आणि काही आक्षेपार्ह सापडलं नाही तरी तोंड लावायचा नाही. आबा टोप घेऊन मागे, शेठ पुढे. आबा उकिडवे बसून म्हणायचे, "खा रे बाबा, एकच घास, माज्यासाठी." शेठ त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या काजूच्या बागेतलं मुंगूस बघत बसायचा. घास हाताने तोंडात कोंबला तर गालात धरायचा आणि आबांची पाठ फिरली की शिस्तीत जमिनीवर ठेवायचा.

हे बघून काकी एका वाक्यात सगळं बोलून गेल्या. "लग्नाक चाळीस वर्सां झाली, तू जेवलंस काय म्हणान माका एकदा तरी विचारल्यानी?"

गावकऱ्यांनी सल्ले दिले. कोणी सुकट घालायला सांगितली, कोणी रोज लोणी, कोणी दृष्ट काढायला. आबांनी दृष्ट आधीच काढली होती.

वजन करायचं ते काजू बी खरेदी करणाऱ्याच्या काट्यावर. शेठ एकटा उभा राहायचा नाही, म्हणून आबा त्याला उचलून काट्यावर चढायचे. चार लांब पाय चार दिशांना लोंबतायत, शेठचा चेहरा अपमानित, आबांचा गंभीर. महिन्याभरात दोघांचं मिळून वजन चक्क अडीच किलोंनी वाढलं. आबांनी पेढे वाटले. काकी म्हणाल्या, आता तुम्ही एकटे उभे राहा बघू. आबा एकटे उभे राहिले. अडीचच्या अडीच किलो आबांचे होते. कारण शेठने नाकारलेला प्रत्येक घास, अन्न टाकू नये म्हणून, त्यांनी स्वतः संपवला होता.

शेवटी सावंतवाडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी दात बघितले, कानामागच्या गोचिड्या काढल्या, शी आणि रक्त तपासायला घेतलं. आमच्या दमट हवेत गोचिडीचा ताप कुत्र्यांना हटकून होतो, आणि भूक मरायला तो पुरतो. शेठला ताप नव्हता, जंत मात्र भरपूर होते. औषध मिळालं. मग बाईंनी विचारलं, दिवसातून किती वेळा खायला देता? आबांनी बोटं मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या हातावर आले तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं.

"आबा, कुत्रा हट्टी नाही, तुम्ही हट्टी आहात. तो नाही म्हणाला की दर वेळी याहून चांगलं ताट येतं, हे त्याला कळलंय. मग तो पहिलं ताट कशाला खाईल?"

मग हुकूम सुटले. दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी. टोप ठेवायचा, वीस मिनिटांनी उचलायचा, खाल्लं असो वा नसो. मध्ये काही नाही. भात किंवा भाकरी, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, अंडं. प्रमाण हळूहळू वाढवायचं. शिजवलेलं हाड द्यायचं नाही, त्याची कुसळं आतड्यात रुततात. कांदा-लसूण बंद, त्याने कुत्र्याचं रक्त कमी होतं. इथे आबांचा चेहरा पडला. कांदाखोबऱ्याच्या वाटपाशिवाय जेवण, हे त्यांना शिक्षेसारखं वाटलं. शिवाय जेवणाच्या आगेमागे पळवायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट पिळवटलं तर काही तासांत जीव जातो. आणि दिवसभर काही खाल्लं नाही, उलट्या झाल्या किंवा मलूल पडला, तर वाट न बघता घेऊन या.

वीस मिनिटं टोपाकडे न बघता बसणं हे आबांच्या आयुष्यातलं पहिलं तप. त्या वेळात काकी त्यांना बांद्याला पाठवायच्या, नाहीतर माडाखालच्या झावळ्या गोळा करायला. पहिल्या सकाळी शेठने टोपाला तोंड लावलं नाही. आबाही जेवले नाहीत. दुपारी तेच. रात्री काकींनी टोप ठेवला आणि आबांना मागच्या दारी उभं केलं. शेठने वाट पाहिली. दुसरं ताट येईना, विनवणी करायलाही कोणी येईना. मग त्याने खाली मान घातली आणि टोप चाटून लख्ख केला. आबा खिडकीच्या गजांतून बघत होते. "खाल्ल्यान गो, खाल्ल्यान!" असं ओरडले आणि लगेच म्हणाले, "आणि थोडा वाढू काय?" काकींनी खिडकी लावून घेतली.

पाऊस सरेपर्यंत शेठ 23 किलोंवर आला. अंगावर चकाकी आली, मांड्या भरल्या, मुंगसाच्या मागे धावताना डोळा ठरेना. बाई म्हणाल्या, आता बस. आबांनी बरगड्यांवर बोट ठेवलं, "फासळ्यो अजून दिसतत." बाईंनी सांगितलं, या जातीत शेवटच्या दोन-तीन दिसायलाच हव्यात, झाकल्या गेल्या तर कुत्रा लठ्ठ झाला. आबांना हे आजतागायत पटलेलं नाही.

मात्र शेठचं वेळापत्रक आता काकींच्या हातात असल्याने आबांचा सगळा आग्रह मोकळा पडलाय आणि तो पुन्हा माणसांकडे वळलाय. तेव्हा इन्सुलीवरून गोव्याला जाणार असाल आणि रस्त्याच्या कडेला एक जाडसर म्हातारा, बारीक कुत्रा हाताशी धरून, "जेवलात काय?" असं विचारताना दिसला, तर जेवून निघालो म्हणू नका, त्याचा उपयोग होत नाही. सरळ गाडी बाजूला घ्या.