दारावर बारमाही वसंत

फ्रिज घ्यायला दुकानात जा. लालभडक दार, त्यावर पांढरी फुलं, वेलबुट्टी. आतला भाजीचा कप्पा ओढला की अडकतो, अंडी आपापल्या खळग्यात डुलत बसतात, बर्फाचा ट्रे पिळताना बोटं बधिर होतात. पण दारावर बारमाही वसंत! सौंदर्य म्हणजे सगळं शिजल्यावर वरून भुरभुरायची कोथिंबीर, असा आपल्या कंपन्यांचा ठाम समज आहे. दुसरीकडे गिऱ्हाइकांत ‘टिकाऊ’वाल्यांची जमात. वस्तू देखणी दिसली की यांना संशय येतो, ओबडधोबड असली की दणकट वाटते.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर दांपत्य सरकारच्या निमंत्रणावरून भारतभर हिंडलं आणि १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. इथे पाहिलेल्या वस्तूंत त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. का सुंदर, तर त्यांनी प्रश्नांची लांबलचक यादीच मांडली: कमरेवर, डोक्यावर तोल कसा राहतो? पाणी ओतताना धार कशी पडते? आतून घासता येतो का? जमिनीवर टेकवताना आवाज कसा येतो? मोडीत किती येतील? नक्षीबद्दल फारसं काही नाही. हाताला, कानाला, खिशाला पिढ्यान् पिढ्या पटत गेलं, त्यातून तो घाट आला.

या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन उभी राहिली. न्हाणीघरात मात्र तांब्याच्या जागी प्लास्टिकचा मग आला. त्याच्या कानात दोन बोटं मावतात. तिसऱ्यानं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

‘दिसण्याला काय चाटायचंय?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक जपानी प्रयोग. १९९५ मध्ये हिताचीच्या कुरोसू आणि काशिमुरा यांनी एटीएमच्या बटणांच्या २६ मांडण्या लोकांना दाखवल्या. ज्या देखण्या, त्याच लोकांना वापरायला सोप्या वाटल्या. इस्रायलच्या नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना वाटलं, जपानी मंडळी रसिक, आमच्याकडे हे चालायचं नाही. त्यांनी तोच प्रयोग आपल्या देशात करून पाहिला. तिथे हा संबंध आणखी घट्ट निघाला!

सोप्या ‘वाटल्या’, होत्या असं कुठंय, हा मुद्दा टिकाऊवाले काढतीलच. काढू द्या. मागे रांग खोळंबलेली असताना पहिल्यांदा कार्ड घालणाऱ्या आजोबांना यंत्र सोपं वाटणं ही काही किरकोळ बाब नाही. धीर आला की माणूस चुकलं तरी पुन्हा बटण दाबतो. बिचकला की नातवाला हाक मारतो.

तेव्हा मिक्सर घ्यायला जाल तेव्हा वॅट विचारा, वॉरंटी विचारा. पण झाकण दोनदा लावून काढून पाहा, भांडं एका हातानं उचला, वाटण अडकेल अशा खाचा किती आहेत ते बोट फिरवून बघा, आणि हे धूड रोज सकाळी ओट्यावर बघवेल का, तेही ठरवा. दुकानदार वैतागला, तर खुशाल दुसऱ्या दुकानात जा.