सुकी

सुकी ही जमात मनिलाच्या करिंदेरियांत आढळते. करिंदेरिया म्हणजे रस्त्याकडेची घरगुती खानावळ. इथे मेन्यूकार्ड नसते. शिजलेल्या पदार्थांची पातेली ओळीने मांडलेली असतात. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचे, मालकिणीने वाढायचे. एकाच खानावळीला वर्षानुवर्षे चिकटून राहिलेले गिऱ्हाईक म्हणजे सुकी.

सुकी आल्या आल्या बसत नाही. जागेचे कागद तपासणाऱ्या वकिलाच्या गांभीर्याने तो एकेक झाकण उचलतो. व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजलेला आदोबो, चिंचेच्या आंबट रश्शातले सिनिगांग, शेंगदाण्याच्या दाट रश्शातले कारे-कारे, डुकराच्या रक्तातले काळेकुट्ट दिनुगुआन, सगळ्यांची रीतसर पाहणी होते. "आते, हे आजचंच ना?" असे मालकिणीला विचारून होते, आते म्हणजे ताई. मग तो काल घेतले होते तेच घेतो, तेही अर्धी प्लेट. शुक्रवारी मात्र मुगाच्या कालवणाची, म्हणजे मोंगोची पाळी. शुक्रवारी मांस टाळण्याच्या कॅथलिक रिवाजातून हे मोंगो रुळले. त्यावर डुकराच्या तळलेल्या कातडीचा कुरकुरीत चुरा पडतो, त्याबद्दल सुकी काही विचारत नाही आणि आतेही काही सांगत नाही.

ताट समोर आले तरी जेवण सुरू होत नाही, कारण सुकीच्या मते स्वयंपाक अजून अर्धाच झालेला असतो. वाटीत सोया सॉस घ्यायचा, कालामान्सी नावाचे गोटीएवढे लिंबू पिळायचे, लाबुयो मिरची चमच्याच्या पाठीने चेचायची, चाखायचे, तोंड वाकडे करायचे. पातीस, म्हणजे मासळीचे खारे पाणी, दोन थेंब. पुन्हा चाखायचे. हे झाले सावसावान. शेजाऱ्याची वाटी त्याला नेहमीच बिघडलेली वाटते. दुसरीकडे आचाऱ्याने हा अपमान मानला असता. दोरीन फर्नांदेस या फिलिपिनी खाद्यलेखिकेने मात्र यात शिजवणारा आणि खाणारा यांची भागीदारी पाहिली.

यानंतर साबाव, म्हणजे हाडांचा पातळ रस्सा. तो फुकट असतो, म्हणून सुकी त्याला औषध मानतो आणि वारंवार घेतो. अर्धी प्लेट कालवण भाताच्या डोंगराला पुरवण्याचे त्याचे कसब खरोखर वाखाणण्यासारखे आहे. भाताला हात लावलेला या देशाला खपत नाही. २०१७ मध्ये सिनेटर सिंथिया व्हिलार यांनी मधुमेहाचा दाखला देत हॉटेलांतल्या अमर्याद भातावर बंदीची भाषा केली. असा गदारोळ उठला की त्यांना माघार घ्यावी लागली.

जेवताना ओळखीचा कुणी दिसला की सुकी "काइन तायो", चला जेवू या, असे म्हणतोच. समोरच्याने पोट भरल्याचे सांगून पुढे जायचे असते. नवखा परदेशी खरेच खुर्ची ओढून बसला, तर सुकी हसत जागा करून देतो आणि कालवणाची वाटी हळूच आपल्याकडे ओढतो.

पैशांचा विषय निघाला की आते वही काढते. उधारी बंद असल्याची पाटी भिंतीवर असते, पण ती इतरांसाठी. पगार तिथे बहुधा महिन्यातून दोनदा, १५ आणि ३० तारखेला होतो. त्या दिवशी सुकी वही चुकती करतो आणि बायकापोरांना घेऊन जॉलिबी या फास्टफूड साखळीत तळलेली कोंबडी खायला जातो. १६ तारखेला तो पुन्हा झाकणे उचलायला हजर असतो.