शेडकार्डवाले काका

ज्याने पंधरा वर्षांत घराच्या भिंतीला ब्रश लागू दिला नाही, तो गृहस्थ घर विकायचं ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी रंगांतला जाणकार होतो. ही जमात सगळीकडेच आहे, पण उल्हासनगरच्या कॅम्प दोन या भागात तिला विशेष बहर असतो. इथल्या बऱ्याच मराठी कुटुंबांचा एक ठरलेला क्रम आहे. नोकरी असेपर्यंत कॅम्पात राहायचं आणि फंड हातात आला की फ्लॅट विकून बदलापूर गाठायचं. तिथे लिफ्ट, पार्किंग आणि गॅलरीतून डोंगर. इथे गॅलरीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर, आणि त्यांच्याकडे आज भाजी कोणती ते. तर जुन्या फ्लॅटला चार पैसे जास्त यावेत म्हणून जे गृहस्थ हातात रंगांचं शेडकार्ड घेऊन जिन्यात उभे राहतात, त्यांना आम्ही शेडकार्डवाले काका म्हणतो. मजला बदलतो, माणूस तोच.

आमच्या इमारतीतले काका चौथ्या मजल्यावरचे. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधून निवृत्त. पत्ता अजूनही निर्वासित छावणीतल्या जुन्या बॅरेकचा, म्हणजे बी. के. नंबरचा, बॅरेक कधीच गेली, नंबर राहिला. काकांची ख्याती एवढीच, की कुठलीही वस्तू पूर्ण मोडेपर्यंत ती चालू स्थितीत आहे असं त्यांचं ठाम मत. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायचा, तर त्याखाली वाटी ठेवून ते पाणी कुंडीला घालायचे आणि आपण पाणी वाचवतो असं सांगायचे.

या माणसाला एजंटने एका वाक्यात पालटलं. एजंट सिंधी, वयाने तरुण, बोलणं लाघवी. हॉलमध्ये आला, मुलाच्या लग्नात काढलेल्या नारिंगी टेक्श्चरच्या भिंतीकडे बघून त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, ये ऑरेंज हटाओ. कस्टमर को लगना चाहिए, घर मेरा है. आपका नहीं."

तेव्हापासून काका हे वाक्य गुरुमंत्रासारखं जपतात. आपलं घर आपलं वाटता कामा नये, या ध्येयाने त्यांनी कामाला सुरुवात केली. भिंतीवरचं कालनिर्णय उतरलं. आजोबांचा फोटो कपाटात गेला. फ्रिजवरची चुंबकं, दारामागचे हँगर, सोफ्यावरची काकूंनी विणलेली क्रोशाची आच्छादनं, सगळ्यांची पाठवणी झाली. देव्हारा तेवढा राहिला, कारण एजंट म्हणाला, मंदिर अच्छा लगता है, रहने दो.

मग शेडकार्ड आलं. ते दुकानदाराकडून फुकट मिळतं, ही त्याची काकांच्या दृष्टीने पहिली गुणवत्ता. जिन्यात, गच्चीवर, दूधवाल्याशी हिशेब करताना, कुठेही ते उघडतात आणि अंगठ्याएवढ्या दोन चौकोनांवर बोट ठेवून विचारतात, "हा पांढरा बरा की हा पांढरा?" दोन्ही पांढरे असतात. आपण उगाच एकावर बोट ठेवलं की काका खेदाने मान हलवतात. "त्याला पिवळट झाक आहे. उजेड कमी दिसतो."

घरातल्या घरात मात्र मतभेदाला तोटा नव्हता. काकूंना श्रीखंडी हवा होता. पुण्याच्या मुलीने फोनवर ग्रे सांगितला. म्हणे आता सगळीकडे ग्रेच चालतो. काकू म्हणाल्या, "ग्रे म्हणजे सिमेंटचाच की. मग रंग देता कशाला? प्लास्टर उघडं ठेवा." तिसऱ्या मजल्यावरच्यांनी पिस्ता सुचवला, कारण त्यांच्याकडे अर्धा डबा उरला होता. काकांनी सर्वांचं ऐकून हॉलच्या भिंतीवर सगळ्याच छटांचे नमुने लावून घेतले. सकाळी ते खिडकी उघडून बघायचे, रात्री ट्यूबलाइट लावून. दिवसा क्रीम असलेला रंग ट्यूबखाली हिरवट दिसतो, हा शोध त्यांनी साऱ्या इमारतीला ऐकवला. शोध खरा होता. पंचाईत एवढीच, की गिऱ्हाईक कुठल्या वेळी येणार हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी जो रंग कोणाला आवडला नाही आणि कोणाला खुपलाही नाही, तो ठरला. ऑफ व्हाइट. सगळ्या विकाऊ घरांचा रंग शेवटी हाच ठरतो. अधल्यामधल्या भांडणाला फक्त आठवडे लागतात.

पेंटर आला तेव्हा काकांना आणखी एक ज्ञान झालं. फ्लॅट ४०० फूट कार्पेट. पेंटरने टेप खिशातून काढलीच नाही. म्हणाला, "साडेतीन पट धरायचं काका. भिंती चार बाजूंनी, वर छत. १४०० फूट." घर विकताना एजंट बिल्ट-अप लावून क्षेत्रफळ वाढवतो हे काकांना ठाऊक होतं, रंगवतानाही ते वाढतं हे नवीन होतं. "मग विकताना १४०० का नाही लिहायचं?" त्यांनी अगदी गांभीर्याने विचारलं. पेंटरनेही तितक्याच गांभीर्याने सांगितलं, "गिऱ्हाईक छतावर झोपत नाही ना."

पुट्टीचे दोन हात, प्रायमरचा एक, रंगाचे दोन, असा बेत ठरला. तो पार पडला हॉलमध्येच. काकांचा हिशेब असा, की येणारा माणूस आधी हॉलमध्ये बसतो, तेव्हा हॉलला प्लास्टिक इमल्शन. आतल्या खोलीत तो उभ्याउभ्या डोकावतो, तेव्हा तिथे डिस्टेंपर. आणि गोदरेजच्या कपाटामागे काहीच नाही. "कपाट कोण हलवतंय?" त्या कपाटामागे मग घराचा इतिहास थरांनी शिल्लक राहिला: वर पोपटी, त्याखाली गुलाबी, पोपडा निघाला तिथे नीळ घातलेला चुना.

रंगाच्या जोडीला बाकीची सुधारणा. काळी बटणं जाऊन मॉड्युलर स्विच आले. ओट्यावरचा कडप्पा निघून ग्रॅनाइट बसला. हा ग्रॅनाइट काकू या घरात आल्यापासून मागत होत्या. तो बसला त्या दिवशी त्यांनी त्यावर हात फिरवला आणि काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे काका काय ते समजले. पुढे तर कहरच झाला. नव्या ओट्यावर फोडणी करायची नाही, मासे तळायचे नाहीत, वास बसेल, असा हुकूम निघाला. त्या दिवसांत दोघंही सकाळी नेहरू चौकाकडे जाऊन दाल-पकवान खाऊन येत. स्वयंपाकघर नवं आणि जेवण बाहेर, अशी श्रीमंती त्यांनी आयुष्यात प्रथम भोगली. नळाचं वॉशरही बदललं. कुंडीतली तुळस दोन दिवस सुकली, मग काकांनी तिला तांब्याने पाणी घालायला सुरुवात केली.

गिऱ्हाईक येणार असलं की काका आधी वाऱ्याची दिशा बघायचे. वारा घाणेरड्या वालधुनी नदीकडून असला की खिडक्या बंद, अगरबत्ती चालू, आणि "आम्हाला जरा थंडी बाधते" हे मे महिन्यात.

एका गोष्टीला मात्र शेडकार्डात उत्तर नव्हतं. वर गच्ची. आतल्या खोलीच्या छताला ओल. डाग मोठा आणि त्याच्या कडेने बारीक चीर. पेंटरने बोटाने टोचून बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, "काका, पुट्टी धरणार नाही. आधी वरून वॉटरप्रूफिंग करा. नाहीतर पहिल्या पावसात फुगे येणार." गच्ची सोसायटीची, सोसायटीत वर्गणीवरून दोन तट, काकांनी सोपा मार्ग काढला. "पावसाच्या आत विकू."

इथे हसू जरा आवरावं लागतं. मे २०२१ मध्ये याच शहरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यातली एक आमच्या नेहरू चौकातली. माणसं गेली. त्या १९९०च्या दशकातल्या इमारती, रेतीच्या टंचाईत वालवा नावाची हलकी रेती घालून बांधलेल्या, असं तेव्हा साऱ्या गावाच्या तोंडी होतं. महापालिकेने मग जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिटच्या नोटिसा लावल्या. तेव्हापासून कॅम्पातला घेणारा माणूस घरात शिरला की भिंतींकडे बघत नाही. आधी वर बघतो. काकांनी भिंतींचा अभ्यास केला होता. परीक्षा छताची निघाली.

परीक्षक म्हणून आल्या एक सिंधी बाई. मुलाचं लग्न ठरलेलं, त्यासाठी जवळच दुसरं घर हवं. सोबत मुलगा आणि तोच लाघवी एजंट. काकांनी दिवे लावले, पंखा लावला, क्रॉस व्हेंटिलेशन हा शब्द दोनदा वापरला. बाई हॉलमध्ये बसल्याच नाहीत. सरळ आतल्या खोलीत गेल्या, अंगठा जिभेला लावला आणि भिंतीवर घासला. अंगठ्यावर पांढरी भुकटी आली. "डिस्टेंपर," त्या मुलाला म्हणाल्या. मग गोदरेजच्या कपाटाला कमरेने एक धक्का दिला आणि फटीतून पोपटी रंग बघितला. मग वर बघितलं. बराच वेळ बघितलं. काका म्हणाले, "वर गच्ची आहे, हवा छान येते." बाई म्हणाल्या, "हवा के साथ पानी भी आता है."

बाहेर येऊन त्यांनी ग्रॅनाइटवर बोटाची टिचकी मारली, नळ सोडून धार बघितली, पाणी किती वाजता येतं ते काकांना न विचारता काकूंना विचारलं. आणि शेवटी सोफ्याच्या कडेला टेकत म्हणाल्या, "रंग अच्छा है, भाईसाहब. अभी पेपर दिखाओ."

पेपर म्हणजे सनद, बिल्डरचा करारनामा, टॅक्सच्या पावत्या. इथली बेकायदा बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ साली खास उल्हासनगरपुरता कायदा झाला, आपली इमारत त्यात बसते की नाही, अर्ज केला होता का, ऑडिटचा अहवाल आहे का, असे प्रश्न बाईंनी एकामागून एक विचारले. काकांच्या फायलीत सर्वांत वरती शेडकार्ड होतं. त्याखाली ग्रॅनाइटचं बिल. बाकीचे कागद गोळा करण्यात रंगकामाच्या दुप्पट दिवस गेले, आणि त्यासाठी काकांनी इमारतीतल्या ज्या ज्या माणसांना पांढऱ्याच्या छटा दाखवल्या होत्या, त्यांचेच उंबरे पुन्हा झिजवले.

व्यवहार झाला. ओलीपोटी बाईंनी भाव पाडला. रंगापोटी एक रुपया वाढवला नाही. उलट टोकन देताना एजंटने धीर दिला, "काका, रंग की टेन्शन मत लो, ये लोग सब निकालने वाले हैं." आणि खरोखरच ताबा मिळाल्याच्या आठवड्यात पुट्टी खरवडायचा आवाज सुरू झाला. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा पडला, बाईंनी सोसायटीला गप्प बसवून स्वखर्चाने करून घेतला, मग हॉल मोरपंखी झाला. काम करणारा पेंटर तोच. आपणच लावलेली पुट्टी काढायचे त्याने वेगळे पैसे घेतले. या साऱ्या खटाटोपात निव्वळ नफा झाला तो त्याला.

काका आता बदलापूरला असतात. तिथल्या सोसायटीत कोणी घर विकायला काढलं की ते सल्ला द्यायला जातात, आणि सल्ला अर्थातच रंगाचा देतात. तुम्हाला घर विकायचं असेल तर त्यांचं ऐकू नका. आधी गच्चीवर चढून गळती थांबवा, ऑडिट करून घ्या, मग कागदांची फाइल लावा, मग ठिबकणारा नळ. हे सगळं होऊन पैसे उरले तर खुशाल रंग द्या, कुठलाही द्या. घेणारा तो बदलणारच आहे. आणि ओट्यावर ग्रॅनाइट टाकायचा असेल, तर तो विकायच्या वीस वर्षं आधी टाका.