लाइफटाइम, फक्त ३९९

(जुलैचा शेवटचा आठवडा. सीएंचं एका खोलीचं ऑफिस. टेबलावर फायलींचे गठ्ठे, भिंतीवर ‘बिलाशिवाय खर्च धरला जाणार नाही’ ही पाटी. संगणक-दुरुस्तीवाला आत येतो.)

सीए : आलास? बघ हे. विंडोजच्या लायसन्सची मुदत संपत आली म्हणे. अरे, लाइफटाइम घेतलंय मी!

दुरुस्तीवाला : कुणाच्या लाइफटाइमपर्यंत, ते विचारलं होतंत का साहेब? कितीला पडलं?

सीए : ३९९. प्रो आहे, प्रो! अमेरिकेत १९९ डॉलर मोजतात याला.

दुरुस्तीवाला : मग विकणाऱ्याला कसं परवडलं?

सीए : असेल घाऊक उचललेलं.

दुरुस्तीवाला : बिल?

सीए : (पाटीकडे न बघता) व्हॉट्सॲपवर की आली ना. पंचवीस अक्षरं, पाच-पाचचे गट. अगदी खऱ्यासारखी.

दुरुस्तीवाला : दहा अक्षरं लिहिली की पॅन होतो का साहेब? बरं, टाकली कुणी?

सीए : त्यांच्याच माणसानं. रिमोटवर आला, अँटिव्हायरस दोन मिनिटं बंद ठेवा म्हणाला, काळ्या खिडकीत भराभर टाइप केलं आणि गेला. फार तत्पर मुलगा. तुझ्यासारखे चार फोन करावे लागले नाहीत.

दुरुस्तीवाला : अँटिव्हायरस परत चालू केलात?

सीए : तो कुठून करतात?

(दुरुस्तीवाला स्वतः काळी खिडकी उघडतो. सीए खुर्ची मागे सरकवतात.)

दुरुस्तीवाला : केएमएस. वाटलंच. ही मोठ्या कंपन्यांची सोय. कंपनीचा एक सर्व्हर असतो, प्रत्येक संगणकानं त्याच्याकडे हजेरी लावायची. १८० दिवस हजेरी नाही, की परवाना गेला. आणि त्या सर्व्हरनं विंडोजला परवाने द्यायला लागावं म्हणून निदान २५ संगणक लागतात.

सीए : माझ्याकडे एक आहे. आणि एक बंद प्रिंटर.

दुरुस्तीवाला : म्हणून तुमचा संगणक कुणा परक्याच्या सर्व्हरकडे हजेरी लावत होता. तो आता उत्तर देत नाहीये.

सीए : पण ४.८ स्टार होते! सगळ्यांनी लिहिलंय, ‘लगेच चालू झालं’!

दुरुस्तीवाला : होणारच. लोक रिव्ह्यू पहिल्या दिवशी लिहितात. हे बंद पडतं सहा महिन्यांनी. तुम्ही कधी लिहिलात?

सीए : त्याच संध्याकाळी. शंभर रुपये कॅशबॅक होता.

दुरुस्तीवाला : ऑफिसही त्याच्याकडूनच?

सीए : त्यावर फुकट दिलं. आयडीसकट.

दुरुस्तीवाला : (वाचत) हा तर कुठल्या परदेशी विद्यापीठाचा आयडी आहे. अभिनंदन! कुठल्या शाखेला?

सीए : चेष्टा पुरे. चालतंय ना?

दुरुस्तीवाला : चालतंय, पण खातं तुमचं नाही. त्याचा ॲडमिन तिकडे बसलाय. तो पासवर्ड बदलेल, खातं पुसून टाकेल, मनात आलं तर फाइलीही उघडेल. वनड्राइव्हवर काय ठेवलंय?

(सीए पंख्याकडे बघतात. माणूस पंख्याकडे इतका वेळ बघतो तेव्हा बिघाड पंख्यात नसतो.)

सीए : अशिलांचे पॅन. आधार. फॉर्म १६. बँकेची स्टेटमेंटं. आणि सासरेबुवांचं मृत्युपत्र. त्यांनी अजून कुणाला दाखवलेलं नाही.

दुरुस्तीवाला : त्या ॲडमिनला मराठी येत नसावं, अशी आशा करू.

सीए : (फोनवर शोधत) थांब. कॉपीराइट कायदा, १९५७. कलम ६३बी. बेकायदा प्रत वापरली तर किमान सात दिवस, तीन वर्षांपर्यंत कैद. दंड पन्नास हजार ते दोन लाख. (उजळून) पण इथं ‘जाणूनबुजून’ म्हटलंय! मी अजाणता वापरत होतो!

दुरुस्तीवाला : होतात. पाच मिनिटांपूर्वी मी सांगेपर्यंत.

सीए : तुला कुणी सांगितलं होतं सांगायला?

दुरुस्तीवाला : एक विचारू? लॅपटॉप घेतला तेव्हा त्यात विंडोज नव्हतं?

सीए : होतं की. होम. म्हटलं, ऑफिसात होम कशाला, प्रो टाकू.

दुरुस्तीवाला : साहेब, ती की कंपनीनं मदरबोर्डातच भरलेली असते. होम परत टाकलं आणि नेट जोडलं, की आपोआप ॲक्टिव्हेट होईल. तुम्ही ३९९ रुपये देऊन खरं काढलंत आणि खोटं बसवलंत.

सीए : हे बाहेर बोलू नकोस. आणि ऑफिसचं काय करायचं?

दुरुस्तीवाला : आधी फाइली उतरवून घेऊ, तिकडचा जागा व्हायच्या आत. मग सगळे पासवर्ड बदला, पण या लॅपटॉपवरून नाही. तो मुलगा जाताना काय ठेवून गेला, देव जाणे. नंतर लिब्रेऑफिस टाकतो. पत्रं, तक्ते, सगळं होतं. मेनूही मराठीत येतो.

सीए : कितीला?

दुरुस्तीवाला : फुकट. कायदेशीर.

सीए : फुकट? छे छे. यात नक्की काहीतरी गडबड असणार.