अपूर्णविरामाचं सोवळं

विकिपीडियाच्या चर्चापानावर कुणाला उत्तर द्यायचं तर आधी नीट मोजता यावं लागायचं. समोरच्यानं ओळीच्या सुरुवातीला तीन अपूर्णविराम ठेवले असतील तर आपण चार ठेवायचे, त्यानं चार ठेवले असतील तर पाच. मग आपली ओळ तेवढी उजवीकडे सरकते आणि कोण कुणाशी बोलतंय ते कळतं. शेवटी चार तरंगचिन्हं (~) काढली की सही आणि वेळ उमटते. तीन काढली तर नुसतं नाव, पाच काढली तर नुसती वेळ. दहा-बारा उत्तरांनंतर मजकूर उजव्या काठाला चेंगरायला लागला, की एखादा जाणता माणूस खूण करून सगळ्यांना पुन्हा समासापाशी आणतो. मराठीत याला आणखी एक पीळ आहे. अपूर्णविराम आणि विसर्ग दिसायला जुळे भाऊ, त्यामुळे नवख्यानं चुकून विसर्ग टाकला की ओळ जागची हलत नाही आणि डोळे फाडून पाहिलं तरी चूक सापडत नाही. मराठी विकिपीडियावरच्या सामायिक चर्चेच्या पानाचं नाव आहे 'चावडी'. जुन्या चावडीवर ओट्यावर कोण बसणार आणि खाली कोण उभं राहणार, हे ठरलेलं असायचं. नव्या चावडीवर ते काम अपूर्णविरामांनी केलं.

ज्या अपूर्णविरामाचा एवढा मान, तो या कामासाठी नेमलेलाच नव्हता, ही त्यातली खरी मजा. विकीच्या लेखनपद्धतीत हे चिन्ह शब्द आणि त्याची व्याख्या यांची यादी करण्यासाठी आहे. व्याख्या थोडी आत सरकून छापली जाते एवढंच, आणि त्या सरकण्याचा फायदा लोकांनी चर्चेसाठी उचलला. म्हणजे संगणकाच्या लेखी विकिपीडियावरचं प्रत्येक उत्तर ही एक व्याख्या आहे. शब्दाचा पत्ता नाही, व्याख्येच्या पोटात व्याख्या मात्र सोळा. ज्यांना दिसत नाही आणि जे पडदावाचकाकडून पान वाचून घेतात, त्यांच्या कानावर ही उतरंड तशीच आदळते. तात्पुरता लावलेला टेकू वर्षं उलटली की वाड्याचा खांब ठरतो आणि मग त्याला हात लावणारा वाडा पाडायला आला म्हणून ओरड होते. इथं तसंच झालं.

हात लावणारे आले. २००६ साली गूगलच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी योजनेतून 'लिक्विडथ्रेड्स' निघालं, म्हणजे धाग्याधाग्यानं बोलण्याची सोय. पुढे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं स्वतः 'फ्लो' बांधायला घेतला. दोन्ही नावं पाण्याची, त्यामुळे कुठंतरी पाणी मुरतंय असा संशय जुन्याजाणत्यांना न येता तरच नवल. फेब्रुवारी २०१४मध्ये इंग्रजी विकिपीडियावर फ्लोची चाचणी सुरू झाली, ती दोन प्रकल्पांच्या चर्चापानांवर: एक इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्याचा, दुसरा न्याहारीचा. जगातल्या सर्वांत मोठ्या ज्ञानकोशाच्या संवादाचं भवितव्य ठरवायला न्याहारीचं पान निवडणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. २०१५मध्ये फ्लोवरचं नवं काम थांबलं आणि २०१६मध्ये इंग्रजी विकिपीडियावरून तो उतरवला गेला. फ्रेंच, कॅटलान अशा काही विकींवर तो पुढेही चालला. म्हणजे औषध जहाल नव्हतं, रोग्यानं तोंड उघडलं नाही.

रोग्याची बाजू ऐकायला हवी, कारण ती निम्मी खरी आहे. विकीचं चर्चापान गप्पांचा फळा नसून कामाचा ओटा आहे. तिथं लेखातला परिच्छेद उतरवून दुरुस्त करतात, तक्ता मांडून पाहतात, चुकीच्या जागी पडलेली ओळ उचलून योग्य जागी ठेवतात, जुनी चर्चा सांगकामे (बॉट) आपोआप दप्तरात टाकतात. १९९५मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी उभा केला तेव्हापासून पान हे पान असतं आणि ते कुणालाही बदलता येतं, हाच सगळा मंत्र. फ्लोनं त्या एका कागदाच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या केल्या, मध्ये भरपूर पांढरी जागा सोडली आणि पान खाली संपेचना असं केलं. सुताराला कामाच्या ओट्याऐवजी सोफा दिला, आणि वर तो बसत का नाही म्हणून विचारलं. ही तक्रार रास्तच होती.

पण दुसरी निम्मी बाजू निव्वळ सोवळ्याची आहे. तिचा मुद्दा असा: ज्याला अपूर्णविराम मोजता येत नाहीत तो लेख काय लिहिणार? थोडी अडचण असलेली बरी, गाळणी लागते. गाळणीतून गळतं कोण, ते बघा. लेखात शिवी लिहून पळणाऱ्याला चर्चापानाची गरजच नसते, त्यामुळे त्याला अपूर्णविराम अडवत नाही. अडतो तो निवृत्त भूगोलाचा मास्तर, ज्याला आपल्या नदीचा उगम चुकीचा छापलाय एवढंच सांगायचंय. आणि गाळणीतून खाली उतरलेल्यांनी चर्चा कशी केली? २०१२-१३मध्ये 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' या चित्रपटाच्या नावातल्या 'इन्टू'चं पहिलं अक्षर मोठं की लहान, यावर इंग्रजी विकिपीडियावर ४०,०००हून जास्त शब्द खर्ची पडले. दह्याला इंग्रजीत एच लावायचा की नाही, हा वाद २०११पर्यंत वर्षानुवर्षं चालला. सगळं काही विधिवत अपूर्णविराम लावून. (देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, म्हणून आपण सुटलो, आपल्याला भांडायला ऱ्हस्व-दीर्घ पुरतात.) तेव्हा जुन्या पानामुळे चर्चा भारदस्त राहते, हा दावा पुराव्यापुढे टिकत नाही. नव्या यंत्रानं ती भारदस्त झाली असती, हाही टिकत नाही.

कुणी म्हणेल, प्रश्न चिन्हांचा नव्हताच, विश्वासाचा होता. बरोबर. ऑगस्ट २०१४मध्ये चित्रं दाखवण्याच्या एका नव्या सोयीवरून जर्मन विकिपीडियाशी बिनसलं, तेव्हा फाउंडेशननं लोकांनी निवडलेल्या प्रचालकांनाही उघडता येणार नाही असं कुलूप घडवलं. ते काढायला नोव्हेंबर २०१५ उजाडला. असा मालक दुसऱ्या दिवशी 'तुमच्या सोयीसाठी' म्हणून नवी बैठक घेऊन आला, तर कुळं ती अंगणातही ठेवू देणार नाहीत. पण मालकाच्या उर्मटपणाची शिक्षा नवख्यानं का भोगायची, याचं उत्तर त्या रागात नाही. दोन्ही पक्षांची चूक एकाच जातीची: एकानं सोवळ्यालाच धर्म मानलं, दुसऱ्यानं सोवळं सोडवताना धर्मही खुंटीला टांगला.

अखेर २०१९मध्ये फाउंडेशननं सगळ्या भाषांतल्या विकिकरांना विचारायचं ठरवलं, आधी यंत्र बांधून मग नव्हे. महिनोन्‌महिने चर्चा झाली. निष्कर्ष निघाला की पान आहे तसंच ठेवा, फक्त प्रत्येक मताच्या शेवटी 'उत्तर द्या' असं एक बटण द्या. इंग्रजी विकिपीडियावर ते २०२२च्या मार्चमध्ये सर्वांना मिळालं, लिक्विडथ्रेड्सपासून मोजलं तर सोळा वर्षांनी. ते दाबलं की चौकट उघडते, तिथं आपण आपलं म्हणणं लिहायचं. मागच्या मागे ते बटण समोरच्याचे अपूर्णविराम मोजतं, त्यात एकाची भर घालतं आणि शेवटी चार तरंगचिन्हं काढतं.